गिल्बर्ट व्हाइट पुरस्कार आणि आपत्तींचा भूगोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर, दरड, दुष्काळ, भूकंप असल्या विषयांवर भूगोलात थिसिस करणारी आपली मुलं आता बरीच आहेत, आणि त्यातली काही अमेरिकेत जातात किंवा जायचा विचार करत असतात, तेव्हा कधी ना कधी या पुरस्काराचं नाव कानावर पडतंच. मग तेच तेच प्रश्न येतात. पुरस्कारापेक्षा ज्याच्या नावाने तो आहे त्या माणसाचं काम समजून घेणं जास्त महत्त्वाचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे, त्यामुळे खाली काही उत्तरं लांबलीयेत आणि काही दोन ओळीत संपलीयेत.

हा पुरस्कार नक्की कोण देतं आणि कशासाठी?

अमेरिकन असोसिएशन ऑफ जिऑग्राफर्स म्हणून भूगोलवाल्यांची मोठी संघटना आहे, सगळे तिला एएजी म्हणतात. १९०४ साली सुरू झाली, आधी नाव असोसिएशन ऑफ अमेरिकन जिऑग्राफर्स असं होतं, २०१६ पासून ते बदललं कारण सभासद काय फक्त अमेरिकन नाहीत, जगभरातले आहेत. या संघटनेत विषयवार गट असतात, त्यांना स्पेशालिटी ग्रुप म्हणतात. त्यातलाच एक हॅझर्ड्स, रिस्क्स अँड डिझास्टर्स स्पेशालिटी ग्रुप. नैसर्गिक धोके आणि आपत्ती यावर काम करणारे भूगोलवाले यात असतात आणि हा गट विद्यार्थ्यांच्या थिसिससाठी गिल्बर्ट एफ. व्हाइट यांच्या नावाने पुरस्कार देतो. म्हणजे हा आयुष्यभराच्या कामगिरीचा सन्मान नाहीये, नुकतंच मास्टर्स किंवा पीएचडीचं काम पूर्ण केलेल्या माणसासाठी आहे. म्हणून तर एवढे जण विचारतात.

गिल्बर्ट व्हाइट म्हणजे ते पक्ष्यांवर वगैरे लिहिणारे इंग्रज पाद्री का?

नाही, नाही. ते सेलबोर्नचे गिल्बर्ट व्हाइट, अठराव्या शतकातले निसर्ग-अभ्यासक. सर्च केलं की आधी तेच येतात त्यामुळे गोंधळ होतो. आपले गिल्बर्ट फाउलर व्हाइट अमेरिकन, जन्म १९११ शिकागो, मृत्यू २००६ बोल्डर, कोलोरॅडो. सर्च करताना मधलं एफ टाकायला विसरू नका.

मग हे व्हाइट कोण? एवढं काय केलं त्यांनी?

पुराकडे बघायची अख्ख्या देशाची पद्धत बदलायचा प्रयत्न केला आणि बऱ्याच अंशी बदलली पण.

थोडं मागे जाऊ. १९३० च्या दशकात रूझवेल्ट अध्यक्ष असताना व्हाइट वॉशिंग्टनला सरकारी नियोजनाच्या कामात होते, नद्या, खोरी, धरणं हेच सगळं. त्या काळात अमेरिकेत वातावरण असं होतं की पूर आला की बांध घाला, धरण बांधा, नदीला आवरा, प्रश्न मिटला. १९३६ ला फ्लड कंट्रोल अॅक्ट आला आणि केंद्र सरकारने ही बांधकामं मोठ्या प्रमाणावर अंगावर घेतली. व्हाइट हे सगळं आतून बघत होते, फायली त्यांच्या टेबलावरून जात होत्या, आणि त्यांच्या लक्षात यायला लागलं की आपण फक्त नदीचं काय करायचं ते विचारतोय, नदीकाठी राहणाऱ्या माणसाचं काय ते विचारतच नाहीये. त्यातून शिकागो विद्यापीठात १९४२ चा पीएचडी थिसिस झाला, जो १९४५ ला छापून आला, विषय होता माणसं पुराशी कसं जुळवून घेतात.

मधे दुसरं महायुद्ध. व्हाइट क्वेकर पंथाचे, शस्त्र हातात घेणार नाही म्हणाले, मग फ्रान्समध्ये निर्वासितांच्या मदतकार्याला गेले आणि तिथे जर्मनांच्या ताब्यात सापडले, जर्मनीतल्या बाडेन बाडेनला त्यांना अडकवून ठेवलं होतं. परत आल्यावर १९४६ ला हॅव्हरफर्ड कॉलेजचे प्रेसिडेंट झाले, मग पुन्हा शिकागो विद्यापीठ, आणि १९७० पासून कोलोरॅडो विद्यापीठ, बोल्डर. १९६६ मध्ये पूरहानीवरच्या सरकारी टास्क फोर्सचे ते अध्यक्ष होते, त्यानंतर १९६८ ला अमेरिकेत राष्ट्रीय पूर विमा योजना आली. १९७६ ला बोल्डरला नॅचरल हॅझर्ड्स सेंटर सुरू केलं, ते आजही चालू आहे. १९८७ ला टायलर प्राइझ (पर्यावरणातल्या कामासाठीचा मोठा पुरस्कार), १९९२ ला व्होट्राँ ल्यूड (भूगोलातला सगळ्यात मोठा मान समजतात), २००० ला अमेरिकेचं नॅशनल मेडल ऑफ सायन्स. हे सगळं मिळालेल्या माणसाचं नाव विद्यार्थ्यांच्या थिसिस पुरस्काराला दिलंय हे मला फार योग्य वाटतं, कारण त्यांच्या स्वतःच्या कामाची सुरुवातच एका थिसिसने झाली.

त्या थिसिसमध्ये असं काय विशेष होतं?

त्यातलं एक वाक्य जगभर फिरलं, त्याचा अर्थ असा की पूर येणं देवाची करणी असेल पण पुराचं नुकसान बरंचसं माणसाचीच करणी असते.

पण वाक्यावर थांबू नका, त्यामागची यादी बघा. व्हाइट म्हणाले पूर आला तर माणूस काय काय करू शकतो ते आधी सगळं मांडा तरी. जमीन भर घालून उंच करता येते. वरच्या अंगाला झाडं, माती धरून पाणी मुरवता येतं. बांध, धरण हे आहेच. पूर येतोय कळल्यावर सामान, माणसं हलवता येतात. घर, दुकान असं बांधता येतं की पाणी आलं तरी कमी बिघडेल. जमिनीचा वापरच बदलता येतो, म्हणजे जिथे पाणी येतं तिथे गोडाऊन नको, मैदान ठेवा. सरकारी मदत देता येते. आणि विमा. असे आठ प्रकार. आणि सरकार करत काय होतं? मुख्यतः बांध आणि धरण, आणि नंतर मदतीचे चेक. बाकीच्यांचा विचारसुद्धा कुणी धड करत नव्हतं.

आता ही यादी घेऊन आपल्याकडचा कुठलाही पूर आठवून बघा. नदीचं खोलीकरण करा, धरणातनं किती पाणी सोडलं, पंचनामे कधी, मदत किती. चर्चा तिथेच फिरते ना? आठातल्या दोन-तीनवरच. १९४५ चं पुस्तक आहे ते आणि अजून शिळं झालेलं नाही, याचं मला वाईटच वाटतं.

बांध घातला तर नुकसान कमी व्हायला पाहिजे, वाढतं कसं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि पहिल्यांदा ऐकलं की पटतच नाही.

समजा नदीकाठी एक सखल पट्टा आहे, दर चार-पाच वर्षांनी तिथे पाणी येतं, त्यामुळे लोक तिथे वैरण लावतात, घर कुणी बांधत नाही. मग बांध झाला. आता छोटे पूर अडतात. पाच वर्षं पाणी नाही, दहा वर्षं नाही, मग कुणीतरी प्लॉट पाडतो, बँक लोन देते, रस्ता होतो, शाळा येते. बांध किती पाण्यासाठी बांधलाय हे कुणी विचारत नाही. आणि एक दिवस त्याच्यापेक्षा मोठा पूर येतो, बांधावरनं किंवा बांध फोडून, आणि जिथे पूर्वी वैरण वाहून गेली असती तिथे आता हजार कुटुंबं असतात. याला लेव्ही इफेक्ट म्हणतात, लेव्ही म्हणजे नदीकाठचा बांध. १९५८ मध्ये व्हाइट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन शहरांचा अभ्यास करून दाखवलं की पूरनियंत्रणावर एवढा पैसा ओतूनसुद्धा पूरक्षेत्रातली वस्ती वाढतच चाललीये.

२००५ च्या ऑगस्टमधलं कॅटरिना वादळ आठवतंय का, न्यू ऑर्लिन्स बुडालं ते? तिथे शहराभोवतीच्या बांधांनी आणि पूरभिंतींनी ठिकठिकाणी दगा दिला आणि त्यांच्या भरवशावर वसलेल्या सखल वस्त्यांमध्ये पाणी घुसलं, कितीतरी दिवस हटलं नाही.

म्हणजे बांध नकोच असं व्हाइट म्हणत नव्हते, हे नीट लक्षात घ्या. बांध हा आठातला एक मार्ग आहे, आणि तो घातल्यावर मागच्या जमिनीवर काय होतंय त्यावर लक्ष ठेवलं नाही तर तो उलटतो, एवढंच त्यांचं म्हणणं.

शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे तो येऊन गेला की शंभर वर्षं निवांत?

अजिबात नाही. त्याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता. यंदा आला तरी पुढच्या वर्षी पुन्हा १ टक्का आहेच. तीस वर्षांचं होम लोन घेतलं तर तेवढ्या काळात असा पूर निदान एकदा यायची शक्यता २६ टक्के होते, म्हणजे चारात एक. आणि हे पण जुन्या पावसाच्या नोंदींवर काढलेलं, पाऊसच बदलत असेल तर तेही गणित हलतं.

आपल्याकडे निळी रेषा आणि लाल रेषा असते ना नदीकाठी, त्याच्यामागे हीच कल्पना आहे. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदाच्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या. पूरक्षेत्रात काय बांधायचं काय नाही यासाठी केंद्राने १९७५ मध्येच राज्यांना नमुना विधेयक पाठवलं होतं, फार थोड्या राज्यांनी मनावर घेतलं. त्यामुळे कुणाला थिसिसचा विषय हवा असेल तर आपल्या शहरातल्या निळ्या रेषेच्या आत गेल्या वीस वर्षांत किती आणि कशी बांधकामं झाली हे बघा, विकास आराखडे आणि सॅटेलाइट इमेज दोन्ही मिळतात.

मी जिऑलॉजीवाला / सिव्हिलवाली आहे, माझं काम यात बसेल का?

तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटचे यापेक्षा प्रश्न काय विचारलाय ते महत्त्वाचं. जोराचा पाऊस, भूकंपाचा धक्का, खचणारा उतार हा झाला धोका. आपत्ती तेव्हा होते जेव्हा त्या धोक्याच्या वाटेत माणसं असतात आणि त्यांच्याकडे सावरायला काही नसतं. निर्मनुष्य डोंगरावर दरड कोसळली तर ती भूरूपशास्त्राची नोंद झाली, तीच वाडीवर कोसळली की आपत्ती. फक्त उताराचं स्थैर्य मोजलं असेल तर ते उत्तम काम असेल पण त्याला जिऑलॉजीत आणि इंजिनिअरिंगमध्ये वेगळी व्यासपीठं आहेत. उतार मोजला आणि त्या उताराखाली वस्ती का आली, लोकांना धोका किती कळत होता, हलायचं म्हटलं तर कुठे जाणार होते, हे पण बघितलं तर तुम्ही व्हाइट यांच्या घरात आलात.

मास्टर्सच्या थिसिसने असा काय फरक पडणार?

एक खरी गोष्ट सांगतो. ३१ जुलै १९७६ च्या संध्याकाळी कोलोरॅडोत बिग थॉम्पसन नदीच्या अरुंद दरीत काही तासांत ३० सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडला आणि पाण्याचा लोंढा आला. १४० हून जास्त माणसं गेली. दरीत एकच रस्ता, नदीला चिकटून, आणि सुट्टीमुळे पर्यटक भरलेले.

ईव्ह ग्रंटफेस्ट तेव्हा कोलोरॅडो विद्यापीठात व्हाइट यांच्या हाताखाली शिकत होत्या. त्यांनी मास्टर्ससाठी प्रश्न घेतला तो अगदी साधा, त्या रात्री लोकांनी केलं काय? कोण गाडीत बसलं, कोण थांबलं, कोण वर चढलं, कुणाला इशारा मिळाला होता, कोण एकटं होतं, कोण घोळक्यात. एकेक माणसाची हकीकत लावत गेल्या आणि चित्र स्पष्ट झालं की गाडीने दरीतून निसटायला बघणारे फार गेले, आणि गाडी, सामान तिथेच टाकून बाजूचा उतार चढलेले वाचले. आज कोलोरॅडोच्या दऱ्यांमधल्या रस्त्यांवर पाट्या दिसतात, माणूस उतार चढतोय असं चित्र आणि खाली पूर आला तर वर चढा अशा अर्थाची सूचना. त्या पाट्यांच्या मुळाशी हे काम आहे. पाटी लावायला असा कितीसा खर्च येतो, पण काय लिहायचं हे कळायला कुणीतरी वाचलेल्यांशी बोलावं लागलं आणि गेलेल्यांचा माग काढावा लागला. त्यामुळे मास्टर्सचा थिसिस आहे म्हणून हात आखडता घेऊ नका.

माझं कॉलेज साधं आहे, रेकॉर्ड पण काही फार भारी नाही. या फील्डमध्ये आपल्याला कोण विचारणार?

रॉबर्ट केट्स यांच्याबद्दल वाचा. हे इंडियाना राज्यातल्या गॅरीला स्टील मिलमध्ये बारा वर्षं कामाला होते, बायको-मुलं, रात्रीच्या क्लासला जायचे, ग्रॅज्युएशनची डिग्री पण नव्हती. व्हाइट यांना जाऊन भेटले आणि व्हाइट यांनी त्यांना घेतलं. १९६२ ला पीएचडी झाली. पुढे १९८१ ला मॅकआर्थर फेलोशिप आणि १९९१ ला नॅशनल मेडल ऑफ सायन्स, म्हणजे गुरूच्या नऊ वर्षं आधी शिष्याला! प्रत्येकाला असा गुरू भेटत नाही हे मान्य आहे, पण या विषयाचा पाया घालणाऱ्या दोन माणसांपैकी एक थेट भट्टीवरून आलेला आहे हे माहीत असावं.

आणि केट्स यांचं संशोधन पण बघा. टेनेसीत ला फॉलेट नावाचं छोटं गाव, वारंवार पूर येणारं. केट्स तिथे लोकांना विचारत फिरले की पुढचा पूर कसा असेल असं वाटतं. त्यांना दिसलं की माणूस आपण बघितलेल्या पुराच्या पलीकडचा पूर मनात आणूच शकत नाही, अनुभव हाच तुरुंग होतो.

महाराष्ट्रातला विषय घेतला तर तिकडच्या कमिटीला त्यात रस वाटेल का?

का नाही वाटणार. वर केट्सचं सांगितलं ना, तेच कोल्हापूरला लावून बघा. पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याला पाण्याची पातळी मोजतात, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे आकडे कोल्हापुरात शाळेतल्या पोरांना पण पाठ असतात, पावसाळ्यात व्हॉट्सअॅपवर दर तासाला फिरतात. आणि तरी २०१९ ला कितीतरी घरांत लोक थांबून राहिले कारण २००५ ला पाणी अमुक पायरीपर्यंत आलं होतं, त्याच्या वर येत नाही, असा हिशोब होता. सामान त्या पायरीच्या वर ठेवलं होतं. पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. २०२१ ला परत ५५ च्या पुढे. मग प्रश्न असा येतो की आता लोकांच्या डोक्यातली खूणपायरी बदलली का, २००५ ची जाऊन २०१९ ची आली का, आणि उद्या त्याहून मोठा आला तर पुन्हा तेच होणार का? चिखली, आंबेवाडी, शिरोळकडची गावं, प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं मिळेल. असा थिसिस जगात कुठल्याही कमिटीला कळतो, फक्त ३९ आणि ४३ म्हणजे काय हे पहिल्या पानावर सांगा.

भौतिक बाजूने पण आपल्याकडे परंपरा आहे. पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातले विश्वास काळे यांनी नर्मदेसारख्या नद्यांवर जुन्या महापुरांचं जे काम केलंय ते जगात वाचलं जातं. महापूर आला की नदीच्या आडोशाच्या कोपऱ्यात, कपारीत बारीक गाळाचा थर बसतो, असे थर एकावर एक वाचत गेलं की मोजमापाच्या नोंदी सुरू व्हायच्या कितीतरी आधीचे पूर सापडतात.

आपण हॅझर्ड मॅप केला, जीआयएसमध्ये (नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये) इंडेक्स म्हणजे निर्देशांक काढला, झालं ना?

झालं नाही, तिथून सुरू होतं.

इंडेक्स म्हटलं की सगळे सुझन कटर यांचं नाव घेतात. साउथ कॅरोलायना विद्यापीठातल्या भूगोलतज्ज्ञ, एएजीच्या अध्यक्ष होत्या. २००३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर सामाजिक असुरक्षिततेचा निर्देशांक मांडला, सोव्ही म्हणतात त्याला. अमेरिकेतल्या प्रत्येक काउंटीसाठी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) ४२ चलं, म्हणजे मोजता येणाऱ्या गोष्टी, घेतली, त्यातून ११ घटक निघाले, उत्पन्न, वय, घराचा प्रकार, वंश वगैरे. काम अप्रतिम आहे, त्यामुळे एकच वादळ दोन काउंट्यांना सारखं का लागत नाही हे नकाशावर दिसायला लागलं. पण आपल्याकडे होतं काय की तीच चलं उचलून जनगणनेतलं जे मिळेल ते घालतात, सॉफ्टवेअर चालवतात आणि लाल-पिवळा नकाशा तयार. जमीन कुणाच्या नावावर आहे, वाडी गावठाणात आहे की वनजमिनीवर, पाणी आलं तर कुणाच्या देवळात कुणाला थारा मिळतो आणि कुणाला नाही, बाई एकटी घर चालवते का, ऊसतोडीला गेलेली माणसं मोजली का? हे आपल्याकडचं असुरक्षित असणं आहे आणि ते टेबलात आयतं मिळत नाही, त्यासाठी गावात जाऊन बसावं लागतं.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमध्ये इर्शाळवाडीवर दरड आली. ठाकर आदिवासींची वाडी, डोंगरावर, वर जायला धड रस्ता नाही, मदतीची माणसं अंधारात चढून गेली. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती असं तेव्हा सरकारनेच सांगितलं. यादीत नसलेली वाडी यादीत का नव्हती, हा भूगोलाचा प्रश्न आहे आणि मला तो आत्ताच्या घडीला फार मोठा वाटतो.

व्हाइट यांच्या विचारांवर टीका करणारा थिसिस असेल तर?

बिनधास्त करा. १९७० नंतर ही टीका जोरात झाली आणि त्याने विषय पुढेच गेला. १९७६ मध्ये ओकीफ, वेस्टगेट आणि विस्नर यांनी नेचर या विज्ञान नियतकालिकात लिहिलं की नैसर्गिक आपत्तीतलं नैसर्गिकपण आता काढून टाका. १९८३ मध्ये केनेथ ह्युइट यांनी संपादित केलेल्या पुस्तकातून आक्षेप आला की तुम्ही माणसाला आठ पर्याय मांडून देता, पण गरिबाकडे त्यातले किती असतात? जो नदीपात्रात झोपडी टाकतो तो काय धोका माहीत नाही म्हणून टाकतो? त्याला माहीत असतं, दुसरी जागा परवडत नाही. पुढे १९९४ मध्ये ब्लेकी, कॅनन, डेव्हिस आणि विस्नर यांनी मॉडेल मांडलं, एका बाजूने धोका दाबतो, दुसऱ्या बाजूने गरिबी, जमीनधोरण, सत्ता दाबतात आणि माणूस मधे सापडतो. माझं मत विचाराल तर दोन्ही लागतं. पर्याय कुठले आहेत हे व्हाइट शिकवतात, ते कुणाला मिळत नाहीत आणि का, हे नंतरचे लोक. आपल्याकडच्या विषयाला दुसरी बाजू वगळून हातच घालता येणार नाही.

अर्जाची तयारी कशी करायची?

गट दर वर्षी अर्ज मागवतो त्या आवाहनात काय जोडायचं, कुठली तारीख, कुठल्या काळात पूर्ण झालेला थिसिस हे दिलेलं असतं, जुन्या वर्षाची पीडीएफ बघून काही पाठवू नका. पात्रतेबद्दल शंका असेल, म्हणजे थिसिस भारतातल्या विद्यापीठाचा आहे, सभासदत्व आत्ताच घेतलंय असं काही, तर गटाच्या पदाधिकाऱ्यांना सरळ ईमेल करा, दोन ओळींचा. ही माणसं उत्तर देतात.

बाकी तयारी आधीपासून करायची ती म्हणजे सारांश. तीनशे पानांचं काम एका पानात सांगता आलं पाहिजे, आणि त्या पानात साहित्याचा आढावा नको, प्रश्न काय, कुठे, कसं शोधलं, काय सापडलं आणि त्याने कुणाचं काय बदलेल, एवढंच. गाइडकडे पत्र मागायचं असेल तर महिनाभर आधी मागा, आणि गाइडना पाठवताना तुमच्या कामातल्या दोन ठोस गोष्टी आठवण म्हणून लिहून द्या, नाहीतर पत्र गुळमुळीत येतं.

पैसे किती मिळतात? नोकरी लागते का?

स्पेशालिटी ग्रुपच्या पुरस्काराची रक्कम मोठी नसते, त्यासाठी कुणी अर्ज करत नाही. नोकरीची हमी नाही. सीव्हीवर ती ओळ वजनदार दिसते आणि या क्षेत्रातली माणसं तुमचं काम उघडून बघतात, हा खरा फायदा.

यासारखं अजून काय आहे?

याच गटाशी जोडलेला जीन एक्स. कॅस्परसन यांच्या नावाचा पुरस्कार आहे, तो विद्यार्थ्यांच्या पेपरसाठी. थिसिस अजून व्हायचाय पण एक चांगला पेपर हातात आहे त्यांनी तिकडे बघा. जीन कॅस्परसन क्लार्क विद्यापीठात ग्रंथपाल आणि संशोधक होत्या, धोक्याची बातमी समाजात पसरताना मोठी किंवा छोटी कशी होते यावरच्या १९८८ च्या गाजलेल्या पेपरच्या सहलेखिका. एएजीचा स्वतःचा पण व्हाइट यांच्या नावाने सार्वजनिक सेवेसाठी सन्मान आहे, तो वेगळा, अनुभवी लोकांसाठी, त्यात गल्लत करू नका.

बोल्डरच्या नॅचरल हॅझर्ड्स सेंटरची दर उन्हाळ्यात कार्यशाळा असते, तिथे संशोधक आणि प्रत्यक्ष आपत्ती हाताळणारे अधिकारी एकत्र बसतात, व्हाइट यांचा हाच आग्रह होता. तिथे यायला पैसे नसणाऱ्यांसाठी मेरी फ्रॅन मायर्स यांच्या नावाची स्कॉलरशिप आहे. आणि आपत्तीनंतर लगेच फील्डवर जाण्यासाठी क्विक रिस्पॉन्स म्हणून छोटं अनुदान देतात. बोल्डरला गेलात तर बोल्डर क्रीकच्या काठी व्हाइट यांचं स्मारक बघा, पुतळा नाहीये, एक खांब आहे ज्यावर वेगवेगळ्या मोठ्या पुरांत पाणी कुठवर येईल त्या खुणा केल्यात. २०११ ला उभारला आणि २०१३ च्या सप्टेंबरमध्ये बोल्डरला खरंच मोठा पूर आला.

आपत्ती झाल्या झाल्या गावात जाऊन मुलाखती घ्याव्या का?

घाई करू नका. काही गोष्टी लगेच नोंदवाव्या लागतात हे खरंय, भिंतीवरची पाण्याची खूण धुतली जाते, पाऊस परत आला की दरडीचा आकार बदलतो, तर ते फोटो आणि जीपीएस घेऊन ठेवा, त्यासाठी कुणाला त्रास द्यावा लागत नाही. पण ज्या घरातलं माणूस गेलंय तिथे प्रश्नावली घेऊन दहाव्या दिवशी जाऊ नये. अमेरिकन विद्यापीठात असाल तर एथिक्स बोर्डाची परवानगी लागेलच, ती नसती तरी हाच नियम पाळावा असं मला मनापासून वाटतं. सरपंच, आशाताई, अंगणवाडीच्या ताई यांच्याशी आधी बोला, ते सांगतात कुठल्या घरी आत्ता जायचं, कुठल्या घरी दिवाळीनंतर. मदत मिळवून देतो असं चुकूनही सूचित होईल असं बोलू नका, लोक पंचनाम्याची वाट बघत असतात आणि वही-पेन घेतलेला प्रत्येक माणूस त्यांना सरकारी वाटतो. थिसिस झाला की चार पानांचा मराठी सारांश प्रिंट काढून ग्रामपंचायतीत, शाळेत आणि तलाठ्यांकडे नेऊन द्या, ज्यांनी वेळ दिला त्यांच्या घरी पण एकेक प्रत, आणि हे पुरस्काराचा निकाल लागायच्या आधी करा.